टाचणीची फाइल

क्रीडा केंद्राच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी एकवीस वर्षं काढली होती. मुरगळलेले घोटे, निखळलेले खांदे, सुजलेले गुडघे असं सगळं त्यांच्या हाताखालून गेलं होतं, आणि खेळाडूंमध्ये त्यांचं नाव चांगलं होतं. त्या उगाच सुया टोचत नसत, उगाच घाबरवत नसत. त्यामुळे विद्यापीठातली एक तरुण संशोधक जुन्या फायली मागायला आली, तेव्हा बाईंनी आढेवेढे न घेता कपाट उघडून दिलं.

संशोधकाचा विषय सरळ होता. लांब पल्ल्याच्या धावपटू मुलींची पाळी बंद पडणं आणि पुढे त्यांची हाडं मोडणं, यांचा किती संबंध आहे हे तिला मोजायचं होतं.

"मुली पळतात भरपूर आणि त्या मानाने खात नाहीत, मॅडम," ती म्हणाली. "मग शरीर काटकसर करतं. आधी पाळी बंद करतं, मग हाडांना हात घालतं. हे आता नवीन नाही. मला फक्त आपल्याकडचे आकडे हवेत."

बाईंनी मान डोलावली. गेली सात-आठ वर्षं त्या स्वतःच नव्या मुलींना हे सांगत होत्या.

फायली दोघींनी मिळून चाळायच्या असं ठरलं, कारण बाईंचं अक्षर बाईंशिवाय कुणाला लागत नसे. बाई वाचून दाखवीत आणि संशोधक तक्त्यात भरून घेई. तिसऱ्या दिवशी सकाळी टाचणीची फाइल निघाली.

टाचणी हे नाव तिला मुलींच्या प्रशिक्षकांनी दिलं होतं. ते दर शनिवारी धावपट्टीच्या कडेला वजनकाटा मांडून सगळ्या मुलींची वजनं करत. म्हणून मुली त्यांना पाठीमागे काटा सर म्हणत; सर येताना दिसले की "अंगावर काटा आला" हा त्यांचा ठरलेला विनोद. ही मुलगी सोळाव्या वर्षी केंद्रात आली तेव्हा चांगली अंगापिंडाने भरलेली होती. वर्षभरात ती इतकी उतरली की सर कौतुकाने म्हणाले, "आता कशी टाचणीसारखी झाली." त्या वर्षी तिने दहा हजार मीटरची शर्यत जिंकली. नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

"इथे काय लिहिलंय, मॅडम?" संशोधकाने विचारलं.

बाईंनी फाइल जवळ घेतली. "वय सतरा. आईसोबत आली. पाळी नाही, चौदा महिने." मग त्या थांबल्या.

"आणि पुढचा शब्द?"

"नेहमीचेच."

"म्हणजे?"

"म्हणजे पळणाऱ्या मुलींचं हे नेहमीचंच असतं," बाई म्हणाल्या. "असं मी लिहिलंय."

संशोधकाने आकडा भरला आणि पान उलटलं. अठराव्या वर्षी नडगीच्या हाडाला चीर. एकोणिसाव्या वर्षी पायाच्या पंजातलं हाड. एकविसाव्या वर्षी सराव करताना खुब्याचं हाड मोडलं, तीन स्क्रू घातले. त्यानंतरची पानं कोरी होती.

बाईंना तो दिवस आठवला. टाचणीची आई शिवणकाम करायची. ती तशीच कामावरून उठून आली होती, गळ्यात मोजपट्टी होती आणि पदराला दोऱ्याचे तुकडे चिकटले होते. बाहेर बाकावर स्पर्धेला निघालेली अख्खी टीम खोळंबली होती. "डॉक्टरबाई, पोरीला चौदा महिने पाळी नाही. मला हे बरं लक्षण वाटत नाही," आई म्हणाली होती. आणि बाई हसून म्हणाल्या होत्या, "अहो ताई, उलट बरंच की. महिन्याची कटकट वाचली. पळणं सुटलं की येईल आपोआप." त्यावर आईही हसली होती. सगळं मिळून तीन-चार मिनिटं झाली असतील.

संध्याकाळपर्यंत बेरीज झाली. एकूण बावन्न फायली. त्यातल्या एकोणीस मुलींची पाळी सहा महिन्यांहून जास्त काळ बंद होती, आणि त्या एकोणीसपैकी अकराजणींची हाडं मोडली होती. उरलेल्या तेहतीसजणींत मिळून चौघींची.

"मॅडम, तेव्हा हे माहीत नव्हतं का?" संशोधकाने कागद गोळा करता करता विचारलं. तिच्या आवाजात दोष देणं नव्हतं.

"नव्हतं," बाई म्हणाल्या. उत्तर जरा लवकरच आलं, हे त्यांचं त्यांनाही जाणवलं.

घरी गेल्यावर त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. त्यांच्या अभ्यासाच्या खोलीत वैद्यकीय नियतकालिकांचे गठ्ठे होते. वर्गणी त्या इमानेइतबारे भरत; वाचणं मात्र "जरा सवड मिळाली की" यावर राहून गेलेलं. निम्म्याअधिक अंकांची प्लास्टिकची वेष्टनंही निघाली नव्हती. बाई जमिनीवर बसल्या आणि एकेक अंक काढू लागल्या. टाचणीची आई येऊन गेली त्याच्या दोन वर्षं आधीच्या एका अंकाच्या मुखपृष्ठावरच तो विषय होता: धावपटू मुली, अपुरं खाणं, बंद पडलेली पाळी, ठिसूळ हाडं. बाईंनी वेष्टन फाडलं आणि भिंतीला टेकून लेख पूर्ण वाचला. अकरा पानं होती. वाचायला अर्धा तासही लागला नाही.

माहीत नव्हतं हे खरं होतं. पण ते घरात येऊन पडलं होतं हेही तितकंच खरं होतं. काटा सरांवर ढकलावं तर ते मागच्या वर्षीच गेले होते, आणि त्यांच्या शोकसभेत पहिलं भाषण बाईंनीच केलं होतं. शिवाय सर डॉक्टर नव्हते. थांबवायचं काम त्यांचं नव्हतंच.

टाचणी आता तेहतीस वर्षांची होती आणि एका चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायचं काम करत होती. संशोधकाने अभ्यासासाठी मिळतील तेवढे पत्ते मिळवले होते, त्यातून हे कळलं. त्या आठवड्यात एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीची वेळ साधून, बाई दुकानात गेल्या.

"डॉक्टरबाई?" तिने लगेच ओळखलं. "नंबर वाढला वाटतं."

"नाही गं. तुझ्याशी बोलायचंय. दहा मिनिटं असतील तर."

तिने त्यांना मागच्या खोलीत नेलं. तिथे भिंगं घासायचं एक यंत्र होतं आणि टेबलावर छोट्या वाट्यांतून तांदळाच्या कणीएवढे स्क्रू वेगवेगळे करून ठेवले होते. चालताना ती उजव्या बाजूला किंचित झुकत होती. डाव्या मनगटावर पट्टा होता.

"मनगटाला काय झालं?"

"गेल्या वर्षी खिडकी अडकली होती. जोर लावला. खिडकी नाही उघडली, मनगट मोडलं." ती हसली. "माझी हाडं म्हणजे बिस्किटं आहेत. घराण्यातच असेल काहीतरी."

बाई म्हणाल्या, "घराण्यात नाही." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. फाइल, तो शब्द, एकोणीस मुली, न फोडलेला अंक. मध्ये कुठे थांबल्या नाहीत. थांबलो तर आपण स्वतःची बाजू मांडायला लागू, अशी त्यांना भीती होती.

टाचणी एक भिंग फडक्याने पुसत होती. ते कधीच स्वच्छ झालं होतं तरी पुसत राहिली.

"म्हणजे मी खात नव्हते म्हणून," ती शेवटी म्हणाली.

"तू खात नव्हतीस, कारण शनिवारी वजन व्हायचं. आणि मला ते दिसत होतं. हाडं भरायचं तेच वय असतं. ते गेलं की पुरतं भरून निघत नाही."

"मला राग यायला हवा ना?" तिने भिंग खाली ठेवलं. "येईल बहुतेक. घरी गेल्यावर येईल. मला सगळं जरा उशिराच कळतं."

"येऊ दे," बाई म्हणाल्या.

"पण डॉक्टरबाई, तुम्ही चुकीच्या दारात आलात. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. मला बक्षिसं मिळत होती, मला कसलं काय. आई मात्र खुब्याच्या ऑपरेशनपासून एकच पालुपद लावून बसलीये. माझं लक्ष नव्हतं, मी शिवणाच्या मागे होते, पोरीकडे बघितलं नाही. बारा वर्षं ऐकतेय मी. तुम्हाला विचारलं होतं हे तिला आठवतं, पण तिला वाटतं तिने नीट विचारलं नाही. तिला सांगा जाऊन."

रविवारी सकाळी बाई त्या घरी गेल्या. आई आता साठीच्या पुढे होती, तरी यंत्र चालूच होतं. खिडकीशी शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता. टाचणीने दार उघडलं, बाईंना खुर्ची दिली आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"ताई, तुम्ही एकदा माझ्याकडे आला होता. मुलीची पाळी बंद आहे म्हणून," बाईंनी सुरुवात केली.

आईने यंत्रावरचा पाय काढला. "आठवतंय की. दोन तास बसले होते बाकावर."

"तुम्ही जे विचारलं ते अगदी बरोबर होतं. मी दिलेलं उत्तर चुकीचं होतं. त्या दिवशी मी नीट तपासलं असतं, तिचं पळणं कमी करून खाणं वाढवलं असतं, तर पुढचं बरंचसं टळलं असतं. तुमचं लक्ष होतं, ताई. माझं नव्हतं."

आई हातातला गणवेश घडी करायला लागली, तो अर्धा शिवलेला होता तरी.

"बरोबर विचारलं होतं मी?"

"हो."

"घरी येताना पोरीला म्हटलं, बघ, उगाच जिवाला घोर लावून घेत होते मी. आणि त्याच दिवशी तिची पँट कमरेला आणखी दोन बोटं आत घेतली. माझ्या या हातांनी." तिने हात पुढे धरून पाहिले. "टेपवर दिसत होतं मला सगळं. पण तुम्ही डॉक्टर."

बाई त्या हातांकडे पाहत राहिल्या.

"तुम्ही हसला होता," आई म्हणाली. "म्हणून मी पण हसले. त्या हसण्याचं मला फार वाईट वाटतं."

"माझं हसणं चुकलंच."

"तुमच्या नाही, माझ्या."

स्वयंपाकघराच्या दारातून टाचणी "आई, पुरे आता," असं म्हणाली, पण पुढे आली नाही.

"माफी मागायला आलात का?" आईने विचारलं.

"हो."

"मग मागा."

बाईंनी माफी मागितली. आयुष्यात त्यांनी कित्येक नातेवाइकांना कित्येक वाईट बातम्या दिल्या होत्या, पण हे दोन शब्द इतके जड जातील असं त्यांना वाटलं नव्हतं.

"ऐकलं," आई म्हणाली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि बाईंनीही तशी अपेक्षा धरली नाही. मग आईने विचारलं, "अशा आणखी किती पोरी आहेत?"

"तुमची धरून एकोणीस."

"त्यांनाही आया असतील."

बाईंनी एवढंच ऐकलं आणि त्या उठल्या.

पुढच्या दोन महिन्यांत त्यांनी उरलेल्या अठराजणींना एकेक करून गाठायला घेतलं. केंद्राच्या व्यवस्थापकांना ते आवडलं नाही. "बाई, निवृत्तीला आलात, कशाला गाडलेली मढी उकरता?" असं ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "मढी नाहीत, सगळ्या जिवंत आहेत. म्हणून तर." दोघींचा पत्ता लागला नाही. एकीच्या वडिलांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. एकजण खळखळून हसली, म्हणाली की आपलं आजवर नखसुद्धा मोडलेलं नाही. तरी तपासणीला आली. बारा जणी आल्या. त्यातल्या सातजणींची हाडं वयाच्या मानाने पुष्कळ विरळ निघाली. पैकी तिघींना ते आजवर माहीतच नव्हतं.

संशोधकाचा लेख पुढच्या वर्षी छापून आला. त्यात बाईंच्या सांगण्यावरून एक ओळ घातली होती: यातल्या बहुतेक मुलींनी किंवा त्यांच्या आयांनी डॉक्टरांकडे तक्रार केली होती, आणि तिची दखल घेतली गेली नव्हती. कुठल्या डॉक्टरांकडे, हे संशोधकाने आपण होऊन गाळलं होतं. बाईंनी ते घालायला सांगितलं. संपादकांनी पुन्हा काढलं.

टाचणीची हाडं पहिल्यांदा मोजली तेव्हा ती पासष्ट वर्षांच्या बाईसारखी विरळ निघाली होती. तिला आहार ठरवून दिला, गोळ्या दिल्या आणि आठवड्यातून तीन वेळा वजन उचलायचा व्यायाम. व्यायाम शिकवायला बाई स्वतः उभ्या राहत. पहिल्या महिन्यात टाचणी त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. राग आला होता, आणि तो चांगला पाच-सहा महिने टिकला. एकदा तर ती डंबेल खाली आपटून निघून गेली आणि तीन आठवडे फिरकलीच नाही. मग एका मंगळवारी आली आणि जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा सुरू केलं. बाईंनी तिला डंबेल उचलून दिलं.

वर्षभराने पुन्हा मोजणी झाली. कागद घेऊन बाई बाहेर आल्या. टाचणी बाकावर बसली होती.

"खुब्यात हाड तेवढंच आहे. पाठीच्या मणक्यात किंचित वाढलंय," बाई म्हणाल्या.

"किंचित म्हणजे?"

"इतकं थोडं, की ती मोजण्यातली चूकही असू शकते. मला नक्की सांगता येत नाही."

"मग आईला काय सांगू?"

बाईंनी कागद पुन्हा एकदा नीट पाहिला. "कमी झालेलं नाही, असं सांग. तेवढं खात्रीने सांगता येतं."

टाचणीने कागद घेतला, चौघडी करून पिशवीत ठेवला आणि पुढची तारीख विचारली. मग तिने घड्याळ पाहिलं. दुकान उघडायची वेळ होत आली होती. ती कठडा धरून पायऱ्या उतरू लागली, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, आणि बाई ती खाली पोहोचेपर्यंत वर उभ्या राहिल्या.