एक्केचाळिसावं पान

या मित्रांनो, सरकून बसा. माझ्या पितळी कडीला हात लागेल इतके जवळ या. आज तुम्हाला अशी गोष्ट सांगते, जी पोटात ठेवून मला एकही दिवस स्वस्थ बसता आलेलं नाही. ऐकताना चुळबुळ झाली तरी चालेल, सांगताना माझीही होणार आहे.

मी एक जुनी कातडी बॅग आहे. जॉर्जियातल्या मेकन गावी घोड्यांची खोगिरं शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला शिवलं. गावात तेव्हा घोडे उरले नव्हते, पण त्याचा हात खोगिराचाच राहिला. दुहेरी दोरा, जाड कातडं, आत तपकिरी रेशमी अस्तर. चर्चमधल्या बायकांनी मला विकत घेतलं आणि आपल्या पाद्रीबाबांना, म्हणजे इझिकिएल गेदर यांना, भेट दिलं.

माझे ते दिवस सुखाचे होते. पाद्रीबाबांचं प्रवचन बोलण्यात सुरू व्हायचं आणि गाण्यात संपायचं. आधी हळू, अंगणात गप्पा माराव्यात तसं. मग एकेका शब्दाला सूर फुटायचा, ऑर्गन मागोमाग धावायचा, टाळ्यांचा ठेका धरला जायचा आणि बाकांवरून हाका यायच्या, "सांगा बाबा, सांगा! घाई करू नका, आम्हाला कुठे जायचंय!" मी त्यांच्या पायाशी असायची. टिपेचा सूर लागला की माझी कडीसुद्धा थरथरायची. देव माणसाच्या गळ्यातून हाक मारतो, हे मी तिथे शिकले. त्यांचा धर्मग्रंथ, घाम पुसायचा मोठा रुमाल आणि घशासाठी पेपरमिंटच्या गोळ्या, एवढाच माझा भार होता.

पाद्रीबाबा गेले आणि मी त्यांच्या लेकीकडे आले. लव्हिनिया गेदर वकील होती. तिचा गळा वडिलांसारखा नव्हता, पण एक गुण त्यांच्याहून मोठा होता. ऐकलेलं ती पोटात ठेवायची. कोर्टात लोक म्हणायचे, "लव्हिनियाला सांगितलं म्हणजे विहिरीत टाकलं." दर शनिवारी ती मला मेण लावून चकचकीत करायची. मात्र ते बाहेरून. आतल्या अस्तराला ग्रंथाचा कोपरा लागून चीर पडली होती, ती दिवसेंदिवस वाढत होती. लव्हिनिया पाहायची, म्हणायची, "एवढं काम संपलं की शिवून घेते." मित्रांनो, तिचं काम कधी संपलंच नाही.

मग तो उन्हाळा आला. ओहायोचे सिनेटर कॉलिन हॅलम आपल्या पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले. आता त्यांना जोडीदार हवा होता, जिंकलेच तर उपाध्यक्ष होईल असा. पक्षाचं अधिवेशन दोन आठवड्यांवर होतं आणि फलक छापणारे रोज विचारत होते, "खालचं नाव काय टाकायचं?"

हा जोडीदार कसा निवडतात, ते मी जवळून पाहिलं. आधी नकाशा पसरतात. हॅलम शहरातले, म्हणून जोडीदार शेतातला हवा. हॅलम लांबलचक बोलणारे, म्हणून तो थोडं बोलणारा हवा. मग प्रश्नांची यादी निघते. दुखणी, भांडणं, लग्नं, मुलं, तरुणपणी लिहिलेली पत्रं, काही म्हणजे काही सोडत नाहीत. कारण निवडणुकीत जोडीदार फायदा करून देईल न देईल, त्याने खड्ड्यात घालू नये एवढीच सगळ्यांची धास्ती. हे खोदकाम करायला हॅलमनी लव्हिनियाला नेमलं. नियम कडक होते. उत्तरं हाताने लिहायची, दुसरी प्रत नाही, प्रत्येक पानावर आकडा, आणि सगळं एकटीने वाहायचं. ज्याची निवड होणार नाही, त्याची पानं त्याच्या हातात परत. सगळं माझ्या पोटात. वाटलं, पाद्रीबाबांच्या ग्रंथानंतर एवढं पवित्र ओझं पहिल्यांदाच आलं.

यादीत शेवटी दोन नावं उरली. एक फ्लोरिडाचे सिनेटर, हसरे, देखणे. त्यांनी शेवटच्या प्रश्नापुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "काही नाही." दुसरे नेब्रास्काचे गव्हर्नर मेरिट व्हॉस.

पत्रकार व्हॉसच्या दारावर आणि विमानतळावर पहारा देत होते, म्हणून लव्हिनिया बसने गेली, परगण्याच्या जत्रेला. तिथे गव्हर्नर दरवर्षी 'पाय', म्हणजे फळं भरून भाजलेल्या गोड पोळ्या, चाखून बक्षीस देत. लव्हिनियाला परीक्षक म्हणून तंबूत घुसवलं होतं. पायच्या तंबूची मालकीण हुल्डा नावाची जाडजूड बाई होती. तिला खरं काहीच माहीत नव्हतं.

"जॉर्जियाहून आलात?" तिने लव्हिनियाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तिथे पीचशिवाय काही पिकतं का हो?"

"तुमच्यासारख्या बायका पिकत नाहीत, एवढं खरं," लव्हिनिया म्हणाली.

हुल्डा खो खो हसली. "बसा मग. ही रुबार्बच्या आंबट देठांची पाय. खोटं गोड बोललात तर ताट काढून घेईन."

अकरा पाय चाखून झाल्यावर लव्हिनिया आणि व्हॉस तंबूमागच्या पिठाच्या पोत्यांवर जाऊन बसले. व्हॉस उंच, हाडकुळे, शेतकऱ्याच्या हातांचे. सगळे प्रश्न संपले. लव्हिनियाने शेवटचा विचारला, "आम्ही विचारलं नाही असं काही राहिलंय का, गव्हर्नरसाहेब?"

ते कितीतरी वेळ टोपी फिरवत बसले. मग म्हणाले, "मला हे पद फार हवंय, बाई. एवढं हवंय की खोटं बोलायचा मोह होतोय."

"मग लवकर खरं बोला."

त्यांनी कागद घेतला आणि लिहिलं. अकरा वर्षांपूर्वी त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा अँडर्स धान्याच्या कोठारात उतरला असताना मक्याखाली दबून मेला. त्यानंतर व्हॉस अंथरुणातून उठेनात. सात आठवडे ते मनाच्या आजाराच्या इस्पितळात होते, उपचार म्हणून विजेचे झटके घेतले. गावाला मात्र सांगितलं की भावाकडे ऑरेगॉनला गेलोय. ही गोष्ट बायको आणि एक डॉक्टर यांच्याशिवाय कुणालाही माहीत नव्हती.

लव्हिनियाने कोपऱ्यात आकडा घातला, एक्केचाळीस. इतक्यात पडदा सारून हुल्डा आत आली. "अहो, कॅमेरेवाले घुसलेत तंबूत! माझ्या चेरी पायवर एकाने कोपर ठेवलं! गव्हर्नरसाहेब, तुम्ही बाहेर तरी या, नाहीतर मी त्यांना लाटण्याने हाकलते!"

लव्हिनियाने घाईघाईने ते पान माझ्यात कोंबलं. फाईलमध्ये नव्हे, बाजूला. आणि मित्रांनो, ते चिरेतून सरकलं आणि अस्तराच्या आत, थेट माझ्या तळाशी जाऊन बसलं.

मला कळलं, पण तिला कळलं नाही.

दोन दिवसांनी ओहायोतल्या डेटनला, हॅलमच्या स्वयंपाकघरात, टेबलावर कॉफीचे पेले आणि कापलेला मक्याचा पाव होता. लव्हिनियाने फाईल उघडली, पानं मोजली. पुन्हा मोजली. तिने मला उलटं केलं, झटकलं, आत हात घालून चाचपलं. रुमाल पडला, पेन पडलं, किल्ल्या पडल्या. पान पडलं नाही, घडी अस्तरात अडकली होती. मी आतून किती कुरकुर केली असेल! कातडं कुरकुरतं, कडी वाजते, यापलीकडे मला वाचा नाही. आयुष्यात तेव्हाएवढी तळमळ मला कधी झाली नाही.

"एक पान नाहीये," लव्हिनिया म्हणाली. तिचा आवाज मी ओळखला नाही.

हॅलमचा कारभारी टॉलंड खुर्चीतून उठला. "म्हणजे? कुणी उचललं? कॅमेरेवाल्यांनी?"

"माहीत नाही."

"छान! उद्या सकाळी पाव आणि जॅमबरोबर अख्खा देश ते पान वाचेल. काय होतं त्यावर?"

लव्हिनियाने हॅलमकडे पाहिलं. हॅलमनी मानेनेच होकार दिला, तेव्हा तिने सांगितलं. टॉलंडने शीळ घातली. "संपलं. व्हॉसला वगळा. आणि त्याला काही सांगू नका. गुपचूप फ्लोरिडाला फोन लावा."

"त्यांना सांगावं लागेल," लव्हिनिया म्हणाली. "पान त्यांचं आहे. हरवलं माझ्याकडून."

"बाई, तुम्ही वकील आहात की पाद्री?"

"पाद्र्याची पोर आहे. एवढं पुरे."

हॅलम खिडकीशी उभे राहून बोटांनी काचेवर ताल धरत होते. "कॉलिन, काहीतरी बोला," टॉलंड ओरडला.

"मेरिट मला आवडतो," हॅलम एवढंच म्हणाले. "पण फलकवाले शुक्रवारपर्यंतच थांबतील."

लव्हिनियाने भिंतीवरचा फोन उचलला. मी टेबलाखाली होते आणि पान माझ्यात होतं. तिच्या पायापासून वीतभर अंतरावर! "गव्हर्नरसाहेब, मी लव्हिनिया. तुमचं शेवटचं पान माझ्याकडून हरवलंय. ते कुणाच्या हाती लागलंय का, मला ठाऊक नाही. माफी मागायलासुद्धा मला तोंड नाही."

पलीकडचा आवाज मला ऐकू आला नाही. मग ती टॉलंडकडे वळली. "ते म्हणाले, 'सांगितलंत हे बरं केलंत.' आणि ठेवून दिला."

दुसऱ्या दिवशी दुपारी जत्रेच्या मैदानात गाईंच्या स्पर्धेचा निकाल लागत होता. मेरिट व्हॉस पहिल्या बक्षिसाच्या निळ्या फिती वाटता वाटता थांबले आणि त्यांनी ध्वनिक्षेपकासमोर सगळं सांगितलं. मुलाचं, मक्याचं, इस्पितळाचं, झटक्यांचं, आणि ऑरेगॉनच्या खोट्याचंही. "हे तुम्हाला वर्तमानपत्रातून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं," म्हणाले. हुल्डाने नंतर लव्हिनियाला फोनवर सांगितलं, "एवढी माणसं, पण गाय हंबरली तेवढाच आवाज. मग मागून एक म्हातारा ओरडला, 'मेरिट, टोपी घाल, ऊन लागेल!' आणि सगळे रडायला लागले. तुम्ही परीक्षक नव्हताच ना, बाई? जाऊ द्या. रुबार्बचा निकाल बरोबर दिलात."

टॉलंड म्हणाला, "आता तर नक्कीच संपलं." हॅलमनी दोन दिवस येरझाऱ्या घातल्या. रोज सांगत, "उद्या ठरवतो." शुक्रवारी फलकांवर खालचं नाव फ्लोरिडाचं आलं.

त्याच सकाळी लव्हिनिया हॉटेलच्या खोलीत सामान आवरत होती. मला रिकामं करताना तिचं बोट चिरेत गेलं. ती थबकली. मग तिने अस्तर टरकन फाडलं आणि एक्केचाळिसावं पान बाहेर आलं, घडी तशीच, पिठाचा डाग तसाच. कुणीही वाचलेलं नव्हतं.

ती पलंगाच्या कडेवर बसली. पान मांडीवर, मी पायाशी. मला वाटलं, आता मला कचऱ्यात फेकावं, तेच योग्य. पण तिने फोन उचलला. या वेळी खोली लहान होती आणि पलीकडचा आवाज मोठा, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"सापडलं," ती म्हणाली. "माझ्याच बॅगेत. अस्तर फाटलं होतं, मी शिवलं नव्हतं. कुणाच्याही हाती गेलं नव्हतं."

मग व्हॉसनी विचारलं, "म्हणजे मी बोललो नसतो, तर कुणालाच कळलं नसतं?"

"नाही."

"आणि कदाचित ते नाव माझं असतं."

"हो." लव्हिनिया खोटं बोलली नाही.

"मला राग आलाय, बाई. नाही म्हणणार नाही. फार आलाय." ते श्वास घ्यायला थांबले. "पण एक ऐका. जत्रेपासून माझ्या दारात माणसं उभी आहेत. काल एक ट्रक चालवणारा आला. हात मिळवला आणि विचारलं, 'तुम्ही किती आठवडे होतात? मी नऊ.' पंधरा वर्षांत त्याने हे बायकोलाही सांगितलं नव्हतं. माझ्या ओट्यावर बसून सांगत होता आणि माझी बायको मेरियन त्याला लेमोनेड देत होती. आज पुन्हा येतो म्हणालाय, भावाला घेऊन."

लव्हिनियाने डोळे पुसले. "ते पान पाठवू का?"

"तुम्ही घेऊन या. नियम आहे ना तुमचा, हातात परत द्यायचं? आणि हुल्डा म्हणतेय, पीच आणा."

ती गेली, पीच घेऊन. व्हॉस तिच्याशी पहिला तासभर धड बोलले नाहीत, हेही सांगते, कारण मी तिथे होते. मग मेरियनने जेवायला बसवलं, आणि तोवर तो ट्रकवाला आला.

हॅलम नोव्हेंबरमध्ये हरले. व्हॉस जोडीला असते तर जिंकले असते की नाही, हे टॉलंडलाही सांगता येत नाही, मला तर मुळीच नाही. व्हॉस पुढे कुठलंच मोठं पद लढले नाहीत. दर गुरुवारी ते त्या इस्पितळात जात, मोसमात कणसं भाजून नेत आणि नव्याने आलेल्या माणसाशेजारी बसून राहत. बोलायचं नसेल तर दोघं गप्प बसत.

लव्हिनियाने मला शिवून घेतलं, आतून, खोगिराच्या दोऱ्याने. आता ती थकली आहे आणि मी कपाटावर धूळ खाते. तरी मला चैन नाही. अजून वाटतं, त्या दिवशी मला एक शब्द बोलता आला असता तर? मित्रांनो, तुमच्याकडे कुणी आपली गोष्ट ठेवायला दिली, तर आधी आतली चीर पाहा. बाहेरचं मेण मागाहून लावा.

आणि निवडून आलेल्यांची, त्यांच्या जोडीदारांची नावं तुम्हाला शाळेत पाठ करायला लावतील, ती करा. पण त्या यादीत नसलेलं एक नाव माझ्यासाठी लक्षात ठेवा. अँडर्सचे वडील, मेरिट व्हॉस. रविवारी हात जोडाल, तेव्हा त्यांची आठवण काढा.