मुठेलाचा उंचवटा

दर्शना गेली, पण माझं डोकं खायचं काही सोडलं नाही मेलीने.

रत्नागिरीच्या कॉलेजात आम्ही दोघी एकाच टेबलावर काम करायचो. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक, पण उजेड देणारे स्फटिक बनवायचे आणि त्यांच्या अंगाला काय चिकटलंय ते एनएमआर यंत्रात बघायचं. सुटा फिरणारा रेणू आलेखावर टोकदार सुळका देतो. स्फटिकाला धरून बसलेला रुंद, मऊ उंचवटा देतो. आमचे स्फटिक आठवड्यात विझायचे, तिचे मात्र महिनोन्महिने चमकायचे. घाटात तिची गाडी कोसळली, आणि तिची कृती पुन्हा कोणालाच जमेना. आमचे मार्गदर्शक गुरुप्रसाद सर म्हणाले, "साबेरा, तिचा पेपर मागे घ्यावा लागेल. लोक म्हणतायत, आकडे बनवलेत."

माझं टाळकंच सरकलं. दर्शना भाजी खारट झाली तर तेही तोंडावर सांगायची. ती कसले आकडे बनवणार?

तिच्या जुन्या बाटल्यांतलं द्रावण नळ्यांत भरून यंत्रात घातलं. प्रत्येकीत एका जागी, जिथे काहीच असायला नको, तिथे उंचवटा. माझ्या नमुन्यांत तो नाही. कितीदा बघितलं तरी तिथेच. खुर्चीमागे कोणी उभं आहे असं वाटायला लागलं. मी भित्री नाही, पण मान वळवून बघायची हिंमत होईना.

थंडीत ॲसिटोनने हात फुटले म्हणून तिच्या खणातलं मुठेल काढलं. कोकमाच्या बियांचं तेल थिजलं की मुठीत दाबून त्याचा गोळा करतात, ते मुठेल. गोळ्यावर तिची बोटं उमटलेली होती. एक बाजू मात्र घासून खोलगट झाली होती, फ्लास्कच्या काचेच्या बुचाएवढी. मी बूच त्या खोलग्यात ठेवून पाहिलं, नेमकं बसलं. बूच अडकू नये म्हणून लावायचं ग्रीस आमच्याकडे नेहमी संपलेलं. हिने मुठेल फासलं, तेच आत उतरून स्फटिकांना धरून बसलं असणार, आणि हिने सांगितलं नाही. मुठेल लावलं हे आमच्याकडे कोण कोणाला सांगतं?

सर म्हणाले, "सिद्ध कर. पण तिने वापरलं तेच मुठेल हवं, दुसरं चालणार नाही."

तिची शेवटची खूण ती तेवढीच. त्यांच्यासमोर गोळा बुचाला घासत राहिले, नमुन्यामागून नमुना. करंगळीचा ठसा गेला, मग बाकीची बोटं, शेवटी अंगठा. मी रडत होते आणि सर खिडकीबाहेर बघत होते. उंचवटा आला. स्फटिक विझले नाहीत. पेपर राहिला.

काल यंत्र तपासायला कोऱ्या नळीत नुसतं द्रावक घातलं. स्फटिक नाही, मुठेल नाही. त्याच जागी उंचवटा आला, रुंद, मऊ, कशाला तरी धरून बसलेला.

नळीत धरण्यासारखं काही नव्हतं. समोर फक्त मी होते.

"पुरे गो आता," मी म्हटलं. पण यंत्र बंद केलं नाही.