पाचवा खड्डा

"चार झाले. पाचवा कुठे घेणार आहेस?" आईने खिडकीतून विचारलं.

मातीवाला अंगणात गुडघ्यांवर बसला होता. गेली अठरा वर्षं त्याचं हेच काम. बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीभोवतालच्या घरांत जायचं, प्रत्येक अंगणात वीतभर खोल पाच खड्डे घ्यायचे, पाचही ठिकाणची माती एका पिशवीत मिसळायची आणि तिच्यात पारा किती आहे ते पाहायला प्रयोगशाळेकडे धाडायची. सगळी गल्ली संपली होती. उरलं होतं आईचं घर, आणि ते त्याने आज-उद्या करत तीन महिने ढकललं होतं.

"फाटकापाशी घेतो," तो म्हणाला.

"तिथे गवतसुद्धा उगवत नाही."

"नियमच आहे तसा."

"मला नियम शिकवू नकोस. खोटं बोललास की तुझा डावा कान लाल होतो."

कान लाल झालाच होता. नियम अगदी उलटा होता: जिथे लावलेलं खाल्लं जातं, तिथला एक खड्डा हवाच. पण भाजीचा वाफा मागच्या बाजूला होता आणि सत्तरी ओलांडलेल्या आईचा सगळा जीव त्या वाफ्यात होता. तिथे काय निघणार, हे त्याला पिशवी न भरताही ठाऊक होतं.

दुपार टळत होती. उन्हात अंगण पाण्याखाली असल्यासारखं हलत होतं आणि खुरपं हातात धरून तो मनाने कुठल्या कुठे, लहानपणात निघून गेला. वडील खाणीच्या शेडमध्ये होते. पाऱ्याचा लेप दिलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून दगडाचा ओला चुरा वाहायचा, सोनं पाऱ्याला चिकटायचं, ते वडील खरवडून काढायचे. सोनं कंपनीचं. पारा मात्र थोडा थोडा घरी यायचा, पँटच्या दुमडीतून, खिशाच्या शिवणीतून. आई ते कपडे उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. मागच्या दगडावर वेगळे धुवायची. दगडावरून चांदीचे थेंब पळायचे आणि हा बोटाने त्यांच्या मागे लागायचा. दोन जवळ आणले की त्यांचा एक व्हायचा. इतकं सुंदर खेळणं त्याला पुन्हा कधी मिळालं नाही. आणि पाणी वाया गेलेलं आईला खपत नसे, म्हणून बादली वाफ्यात रिकामी व्हायची. बावीस वर्षं.

पुढे वडिलांचा हात थरथरू लागला. कपातला चहा बशीत, बशीतला शर्टावर. लोक म्हणायचे, घेत असणार. त्यांनी आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवलं नव्हतं. जाईपर्यंत त्यांना स्वतःची बटणं लावता येत नव्हती.

"ऊठ," आई म्हणाली. ती कधी बाहेर आली ते त्याला कळलंच नाही. त्याच्या हातातलं खुरपं घेऊन ती वाफ्याकडे गेली, मुळ्याची चार रोपं उपटली आणि एका जागी खुरप्याचं टोक टेकवलं. "इथे ओतायचे मी. इथून घे."

"तुला माहीत होतं?"

"परवा शेजारणीला समजावत होतास ना, पारा कपड्यांतून कसा येतो ते? मी कुंपणाशीच होते. मी काही ठार बहिरी नाही. तुम्हाला तसं वाटू देते, तेवढीच शांतता."

तो हसला नाही. तीही नाही.

"त्यांचा हात," ती म्हणाली. "किती कामावरून आणि किती माझ्या भाजीतून?"

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही, आई."

"मला घरात घाण नको होती रे. एवढंच."

तिला जवळ घ्यावं असं त्याला फार वाटलं, पण हातमोजे मातीने भरले होते. त्याने पिशवी भरली.

गल्लीतला सगळ्यांत मोठा आकडा आईच्या घराचा निघाला. महिन्याभरात तोंडाला मास्क लावलेली माणसं आली आणि त्यांनी मागची माती गुडघाभर खरवडून ट्रकमध्ये भरली. आई खुर्ची टाकून सगळं पाहत बसली. ट्रकचा मागचा फाळका बंद झाला तशी उठून चालकाजवळ गेली.

"कुठे नेता?"

"टेकडीपलीकडे, आजी. मोठा खड्डा केलाय. खाली प्लॅस्टिक, वर प्लॅस्टिक."

"आणि शंभर वर्षांनी कुणाला कळणार खाली काय आहे?"

आई घरात गेली आणि एक लाकडी फळी घेऊन आली. रंग अजून पुरता वाळला नव्हता.

"ही तिथे वर ठोका."

चालकाने फाटकाशी उभ्या मातीवाल्याकडे पाहिलं. नियमात असं काही नव्हतं.

"घ्या," मातीवाला म्हणाला.

चालकाने फळी मागे मातीत न टाकता आपल्या शेजारच्या सीटवर उभी केली. गाडी वळेपर्यंत मातीवाल्याला काचेतून ती वाचता येत होती. इथे काही पेरू नका, मुलांना खेळू देऊ नका. आणि खाली, अर्जावर लिहितात तसं, आईने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं होतं.