दात कोरडे करणारा महिपत

"पंखा बंद करा, मॅडम," महिपत म्हणाला. "दाताला दोन बाजूंनी वारा लागतोय. चित्र नीट येणार कसं?"

मनस्विनीने पडद्यावरून मान वर केली. तीन दिवस ती त्या चित्रांशी झगडत होती आणि एवढी साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. अण्णा डॉक्टरांची ही भाची मुंबईच्या डेंटल कॉलेजातून उष्णता टिपणारा कॅमेरा घेऊन रत्नागिरीला आली होती, २००६च्या मे महिन्यात. पंखा बंद झाला आणि दवाखान्यातले सगळे घामाने निथळू लागले.

महिपत अण्णांकडे बावीस वर्षं मदतनीस होता. शिक्षण सातवीपर्यंत. हवेची नळी धरून दात कोरडा करायचं काम त्याचं. कोरडा झाल्यावर डाग खडूसारखा पांढुरका दिसला तर कीड चालू, तुकतुकीत राहिला तर थांबलेली, हे तो बघून बघून शिकला होता. ड्रिल उचलण्याआधी अण्णाही विचारत, "महिपत, तुला काय वाटतं?"

कॅमेरा तेच मोजून दाखवत होता. किडत्या जागेच्या बारीक छिद्रांत पाणी मुरलेलं असतं. हवा मारली की ते उडून जातं आणि जागा गार पडते. पडद्यावर ती निळी दिसते. थांबलेल्या किडीवरचा थर घट्ट झालेला असतो, म्हणून तिथे फारसा फरक पडत नाही.

खुर्चीत भाट्ये गावची अकरा वर्षांची दिशा बसली होती. तिच्या पुढच्या दातावर तपकिरी डाग होता.

"कोरून भरून टाका एकदाचा," तिची आई सोनूबाई म्हणाली. "उद्या भोक पडलं तर मी परत कामाचा खाडा करू?"

"वहिनी, ती जुनी कीड हाय. थांबलेली," महिपत म्हणाला. "बाकीचे दात मी बघितलेत. स्वच्छ हायत."

त्याने नळी धरली. हात जराही हलला नाही. तपकिरी डागाचा रंग पडद्यावर बदलला नाही. महिपत मनातून सुखावला. मग मनस्विनीने गाल बाजूला ओढून वरची डावी दाढ कॅमेऱ्यात घेतली, आणि हिरडीलगत निळा ठिपका उमटला.



"पुन्हा घ्या," महिपत म्हणाला. दाढ ओली करून त्याने परत कोरडी केली. ठिपका परत आला. मग त्याने चष्मा पुसला, दिवा जवळ ओढला आणि स्वतः बघितलं. अगदी हिरडीच्या आड, नखाएवढीही नाही अशी पांढुरकी रेघ होती.

मनस्विनी घाईने म्हणाली, "काका, ही कोणालाही दिसली नसती."

"मला दिसायला हवी होती." तो सोनूबाईकडे वळला. "वहिनी, माझी चूक झाली. दाढेला कीड लागलीय."

सोनूबाई घाबरली. "म्हणजे आता कोरणार?"

"नाही," अण्णा म्हणाले. "भोक पडलेलं नाही. औषध लावू. नीट घासलं तर ही अजूनही थांबू शकेल. दिवाळीआधी दाखवायला आण."

महिपतने दिशाच्या हातात आरसा दिला आणि हिरडीलगत ब्रश कसा फिरवायचा ते तिच्याकडून चारदा करवून घेतलं. "रोज असाच, काय गो बाय?"

महिनाअखेरीस मनस्विनी कॅमेरा घेऊन परत गेली. त्यानंतर महिपत प्रत्येक दाढ पूर्वीपेक्षा जास्त वेळ कोरडी करू लागला. बाहेर बसलेली माणसं कुरकुरत, अण्णा मात्र त्याला घाई करत नसत.

ऑक्टोबरात दिशा आली. महिपतने ती दाढ कोरडी केली, बघितली, पुन्हा कोरडी केली. मग बाजूला सरला. "डॉक्टर, तुम्हीच बघा."

अण्णांनी निवांतपणे बघितलं. मान डोलावून दिशाचा केसपेपर त्याच्यापुढे ठेवला आणि वर पेन ठेवलं.

"मी? इंग्रजीत?"

"तुला येतं त्यात लिही."

केसपेपरवर तोवर फक्त अण्णांचं अक्षर पडलेलं होतं. महिपतने हात कोरडे केले, स्टुलावर बसला आणि अण्णांच्या वाकड्यातिकड्या इंग्रजी ओळींखाली, रेघ सोडून, ठळक अक्षरांत लिहिलं: डावी दाढ. दोनदा पाहिली. तुकतुकीत आहे.

खाली तारीख घातली.