पिठातलं पाऊल

मित्रांनो, मी एक जुनी बांबूची टोपली आहे, आणि माझ्या बुडाच्या तीन काड्या मोडलेल्या आहेत. हे मी रडत सांगत नाही हं! त्या तीन काड्या मोडल्या म्हणून तर मला सांगण्यासारखी गोष्ट आहे. धडधाकट टोपल्यांचं काय, सकाळी भरल्या आणि संध्याकाळी रिकाम्या झाल्या.

माझा जन्म राळेगावच्या बाजारात एका बुरडाच्या मांडीवर झाला. लालीबाईनं मला उन्हाकडे धरून पाहिलं, काठावर टिचकी मारली आणि डोक्यावर घेऊन बंजाऱ्यांच्या तांड्यावर आणलं. तिच्या घरात सगळे गोरबोली बोलायचे. मी पडले बुरडाघरची, मला आपली वऱ्हाडीच येते, म्हणून त्यांचं बोलणं मी माझ्या बोलीत सांगते. तेवढं चालवून घ्या.

मी बैलांची सरकी वाहिली, कोंबडीची पिल्लं झाकली. एकही पिल्लू कधी मांजराला मिळू दिलं नाही!

मग एका दुपारी लालीबाईचा नवरा फुलसिंग गाडी सोडून आला आणि मी उपडी पडले होते, तर सरळ माझ्यावरच बसला. कडाड! बुडाच्या तीन काड्या मोडून आत लोंबायला लागल्या.

"काय जी, थे पाट हाय का बसाले?" लालीबाई ओरडली.

"उद्या बांधून देतो वं."

"तुमचा उद्या काही या जन्मात येत नाही."

"मंग पुढच्या जन्मी बांधतो. पाखरू होऊन येतो अन् चोचीनं बांधतो!"

नऊ वर्षांची नात अंजू भिंतीवर कोळशानं चित्र काढत होती. ती खो खो हसली. "अन् बैल झाला तं, दादा?"

"नाही वं बाप्पा! लय वाहून झालं. पाखरूच होतो."

तो उद्या खरंच आला नाही. त्याच हिवाळ्यात फुलसिंग म्हातारपणानं, झोपेतच गेला.

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. भाव चढेल म्हणून सगळ्यांनी कापूस घरातच भरून ठेवला होता. आमची आतली खोली तर छतापर्यंत भरलेली. भेटायला आलेली माणसं एका हातानं डोळे पुसायची आणि साठवलेल्या कापसाची खाज सुटून दुसऱ्या हातानं अंग खाजवायची. अंजू मात्र रडेना, बोलेना, जेवेना. कोळशाला हातसुद्धा लावेना. दादीच्या पदराला धरून एकच विचारायची, "दादी, दादा बैलच झाला असन तं?"

लालीबाई ताट पुढं सरकवायची, अंजू ते मागं सरकवायची. असे नऊ दिवस गेले. पोरीच्या गालांची हाडं दिसायला लागली.

दहाव्याच्या आदल्या रात्री गावाकडची जुनी रीत करायची होती. परातीत पीठ पसरून हातानं सारखं करायचं, शेजारी दिवा लावायचा आणि पीठ टोपलीनं झाकून ठेवायचं. सकाळी पिठात ज्याचं पाऊल उमटेल, त्या रूपानं गेलेला माणूस परत आला असं समजायचं.

"नवी टोपली हाय ना घरात, थे घ्या," सून म्हणाली.

"राहू दे," म्हणत लालीबाईनं मलाच उचललं. माझा ऊर केवढा भरून आला! परातीवर ठेवताना तिनं माझी पाठ हलकेच दाबली. मुंग्या शिरू नयेत म्हणून असेल, असं मला वाटलं.

सकाळी सगळे जमले. मुलगा रामधन म्हणाला, "बा तं कोंबडाच होईन. पहाटे साऱ्याइले उठवाची सवय त्याची." मग मला उचललं. पिठात तीन बोटांचं पाऊल!

"पाखरू! पाखरू आलं!"

"होला असन."

"होल्याचा पाय एवढा मोठा? मोर असन."

"फुलसिंग अन् मोर?" शेजारचा खेमसिंग म्हणाला. "तोंड पाह्यलं होतं का त्याचं?"

दहाव्याच्या दिवशी अख्खी ओसरी हसली! मी एकटी हसले नाही. मित्रांनो, माझ्या तिन्ही काड्यांच्या टोकांना पीठ लागलेलं होतं. ते पाऊल माझं होतं!

मला कोपऱ्यात ठेवायला अंजूनं उचललं आणि तिला ते पीठ दिसलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग दादीकडे पाहिलं. दादी हसत डोळे पुसत होती. अंजूनं गुपचूप फ्रॉकच्या टोकानं माझ्या काड्या स्वच्छ पुसल्या आणि म्हणाली, "दादी, भाकर दे."

दादीला हे कधीच कळू द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. काहीतरी जपायला मिळालं की माणसाला भूक लागते, हे मला त्या दिवशी समजलं. संध्याकाळी भिंतीवर कोळशाचा पक्षी आला.

पुढे अंजू चित्रकला शिकायला नागपूरला गेली. हट्टानं मलाही एसटीत मांडीवर घेऊन गेली. खोलीवरची मैत्रीण भैरवी यवतमाळची, साहेबाची लेक. "मळके कपडे टाकायला छान आहे गं!" म्हणाली. मी रागानं असली फुगले!

शहराचा आधी मला रागच आला होता. वरच्या मजल्यावरचे काका वारले, गाडी आली, गाडी गेली, आणि अर्ध्या तासात लिफ्ट पुन्हा सुरू. पीठ नाही, दिवा नाही. पण भैरवी रोज वर डबा नेऊन द्यायची. आज तिचा, उद्या समोरच्यांचा, असे पूर्ण तेरा दिवस. शहराच्या रिती डब्यात असतात, झाकण उघडल्याशिवाय दिसत नाहीत.

शेवटच्या वर्षी अंजूनं माझ्या तीन काड्या शाईत बुडवून पांढऱ्या मांजरपाटावर ठसे उमटवले. शेकडो पावलं, खालून वर उडत गेलेली! प्रदर्शनात ते कापड लावलं आणि शेजारी खिळ्यावर मला टांगलं. रामधन लालीबाईला घेऊन आला, तेव्हा कुठे अंजूच्या लक्षात आलं की इतकी वर्षं लपवलेली गोष्ट आपण भिंतीवर मांडून ठेवली आहे!

लालीबाईनं कापड पाहिलं. मग माझ्या पोटात हात घालून काड्या चाचपल्या.

"दादी, राग आला का वं?"

"येडी वं येडी! घरात नवी टोपली होती. म्या हेच काहून घेतली असन? अन् दाबली कायले असन?"

अंजूनं माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा दादीकडे पाहिलं.

"तू जेवली ना त्या दिवशी? मंग झालं तं!"

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या हसल्या की दारावरचा वॉचमन आत डोकावला.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तू झटका, पुसा, ऊन दाखवा, वाळवीपासून जपा. पण मोडकं दिसलं की लगेच दुरुस्त करू नका. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे कुणी मोडलं होतं?

आणि माझ्या काड्या तर कुणीच बांधू नका. ते काम एकानं अंगावर घेतलं आहे. तो चोचीनं बांधणार आहे.