छातीवरचा पेपर

थंडीत सायकल चालवायची म्हणून करी रोडच्या दर्शनाने एकावर एक घालायचे तीन महागडे कपडे आणले. पहिल्याच सकाळी पूल चढताना ती घामाने निथळली, म्हणून तिने जाकीट काढलं. मग वरळीचा वारा ओल्या टी-शर्टाला असा झोंबला, की बाई शिंकतच घरी आली.

तिचे सासरे तात्या, जन्म गिरणीत गेलेले. ते म्हणाले, “आम्ही गिरणीच्या तापलेल्या खात्यातून पहाटे बाहेर पडलो, की शर्टाच्या आत पेपर खोचायचो. छातीला वारा लागत नाही. उकडलं की काढायचा.”

“तात्या, तुम्ही पण ना,” दर्शना हसली.

दुसऱ्या सकाळी मात्र दाराच्या कडीतला पेपर तिने गुपचूप टी-शर्टाखाली सरकवला. वरळीपर्यंत मजेत गेली. ऊन चढल्यावर तिने तो काढला आणि कोळीवाड्यात त्यातच बोंबील बांधून घेतले.

घरी तात्या चष्मा लावून दारातच उभे. “आज पेपर आला नाही वाटतं.”

दर्शनाने पुडी पुढे केली. तात्यांनी बोंबील ताटात काढले आणि ओला पेपर खिडकीत वाळत घातला.

“उद्यापासून कालचा नेत जा,” ते म्हणाले. “वारा काय तारीख बघत नाही.”