पाच जणांना सापडलेला राकेश

"ताई, सापडला! पाच जणांना सापडला!"

भिकन साळवे वाचनालयात असे ओरडले, की पेपर वाचणाऱ्या पेन्शनरांनी माना वर केल्या. बत्तीस वर्षं शिपाई म्हणून इथेच लोकांना 'हळू बोला' सांगण्यात गेली, आणि आज स्वतःच!

राकेश त्यांचा एकुलता एक मुलगा. चार वर्षांपूर्वी त्याने कंपनीतली नोकरी सोडली, म्हणून भिकन तापले. "परत तोंड दाखवू नको," असं बोलून गेले. जन्मात कधी बापाचं ऐकलं नाही, ते पोरगं नेमकं तेवढंच ऐकून गेलं.

रिटायर झाल्यावर भिकन रोज नाशिकरोडच्या याच वाचनालयात येऊन कॉम्प्युटरवर त्याचं नाव टाकत. काहीच येईना, तेव्हा ग्रंथपाल तेजस्विनीने काल त्यांना मेटासर्च इंजिन उघडून दिलं होतं.

"काका, हे स्वतः शोधत नाही. पाच-सहा सर्च इंजिनांना एकदम विचारतं आणि सगळ्यांची उत्तरं एका पानावर आणतं. कुणाकुणाला सापडलं, ते खाली येतं."

"म्हंजे आपण नाय का चार घरी विचारून येत, तसं."

आज पहिल्याच ओळीत 'राकेश भिकन साळवे, नाशिकरोड' आणि खाली पाच इंजिनांची नावं! एकाने थाप मारली असती. पाच जण कशाला खोटं बोलतील? पान उघडायचीही वाट न बघता भिकननी बायकोला, चांगुणाबाईंना फोन लावला, "पोराचा पत्ता लागला! कॉम्प्युटरवर लिवलंय!"

तेजस्विनीने पान उघडलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काका... ही आपलीच हरवल्याची जाहिरात आहे. दिवाळीत मीच टाइप केलेली, आत्ता कुठे नेटवर चढलीय. पाचही जणांनी हीच आणलीय."

भिकननी जाहिरात पुन्हा वरपासून वाचली. एवढ्या मोठ्या जगाला राकेशबद्दल ठाऊक तेवढंच, जेवढं बापाने सांगितलं होतं.

तेवढ्यात चांगुणाबाईंचा फोन आला. त्या रडतही होत्या, हसतही होत्या. "अहो, काय लिवलंय? वाचा की."

खरं सांगायला भिकननी तोंड उघडलं, पण जीभच रेटेना. मग ते समोरचंच वाचू लागले. "उंची पाच फूट सहा इंच. रंग सावळा. अंगात निळा शर्ट..."

"निळा? जाताना घातला व्हता, तोच?"

"हां. तोच."

"अगं बाई! चार वर्षं एकच शर्ट? थांबा, मी नवा घिऊन येते तिथं वाचनालयात. माप ठावं हाय मला."

फोन बंद झाला. घर वाचनालयापासून चालत दहा मिनिटांवर होतं.